ऋण काढून बचत

मार्च महिन्यात आमच्या तेर गावात दोन गोष्टींची टंचाई जाणवते: पाण्याची आणि जामीनदारांची. पाण्याचं एक बरं असतं, टँकर तरी मागवता येतो. जामीनदाराच्या मात्र घरी जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, त्याच्या पोराच्या मार्कांचं कौतुक करावं लागतं आणि मग "सहज आलो होतो" म्हणत पिशवीतून फॉर्म काढावा लागतो. हा जामीनदार कायम नोकरीतला हवा, आधीच चौघांना जामीन राहिलेला नको, आणि त्याची यंदाची सही गेल्या वर्षीच्या सहीशी जुळायला हवी. या तिन्ही अटींत बसणारी माणसं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरी सापडत नाहीत. दारातून उत्तर येतं, "शेताकडं गेलेत." ज्याला शेत नाही त्याच्याही दारातून हेच उत्तर येतं.

मार्चात एवढं कर्ज लागतं कशाला? पेरणीला अवकाश असतो, लग्नाच्या तिथी पुढे असतात. हे कर्ज लागतं बचतीसाठी. पतसंस्थेतून उचलायचं आणि ३१ तारखेच्या आत पीपीएफमध्ये नेऊन भरायचं. ऋण काढून सण करणाऱ्याला आपल्याकडे पूर्वापार नावं ठेवतात. ऋण काढून बचत करणाऱ्याला मात्र कोणी काही म्हणत नाही. उलट लोक त्याच्याकडे पोराच्या भवितव्याचा सल्ला विचारायला जातात.

आमच्याकडच्या एका गुरुजींनी हा प्रकार शास्त्राच्या पातळीवर नेला. त्यांचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये असे एक गुरुजी असतात. शिकवतात इतिहास, पण सगळ्यांचे हिशेब तेच करून देतात. त्यांचं गणित असं. पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज, दर १२ टक्के, मुदत एक वर्ष. हप्ता महिन्याला १३,३२७ रुपये. वर्षभरात व्याज जातं ९,९२८ रुपये. तेच दीड लाख पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी वर्षभर राहिले की व्याज येतं १०,६५० रुपये. "म्हणजे १२ टक्क्यांनी पैसे घेतले, ७.१ टक्क्यांनी ठेवले आणि वर ७२२ रुपये सुटले," असं म्हणून गुरुजी हाताचा खडू झटकतात. "हे रिझर्व्ह बँकेला तरी जमतं का?"

आकडे खरे आहेत, गोची वेगळीच आहे. पीपीएफमध्ये दीड लाख पूर्ण वर्ष बसून असतात, कर्ज मात्र दर महिन्याच्या हप्त्याने झिजत जातं. वर्षभराची सरासरी काढली तर गुरुजींच्या डोक्यावर असतात साधारण ८३ हजार. उरलेले पैसे त्यांच्याच पगारातून आलेले. त्यांनी कर्जच न काढता तेवढाच हप्ता दर महिन्याला समजा ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकला असता, तर वर्षाच्या शेवटी १ लाख ६५ हजारांच्या आसपास जमले असते. कर्जाच्या वाटेने जमले १ लाख ६० हजार ६५०. सातशे बावीसचा नफा उलगडून पाहिला की आत चार हजार चारशेंचा तोटा निघतो.

हे स्टाफरूममधल्या एका नव्या मॅडमनी फळ्यावर मांडून दाखवलं. गुरुजी जराही डगमगले नाहीत. "मॅडम, तुम्ही आयकर धरलाच नाही!" आणि इथे गुरुजी बरोबर होते. जुन्या कररचनेत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने '८० सी'खाली दीड लाख दाखवले की उपकरासह ३१,२०० रुपये कर वाचायचा. चार हजार चारशे घालवून एकतीस हजार दोनशे वाचवणाऱ्याला वेडा कोण म्हणेल?

या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असायचाच. नाहीतर बँकेतल्या एसीचं बिल कोण भरणार? तरीही कर्ज काढून ठेव ठेवण्यात फायदा झाला, तर मधला फरक दुसरं कोणीतरी भरत असतं. गुरुजींचा फरक सरकार भरत होतं.

मग आली १ फेब्रुवारी २०२५ ही तारीख. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागणार नाही, असं निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर गेली. स्टाफरूममध्ये पेढे आले. गुरुजींनी पेढा घेतला, पण चेहरा सुतकी. नव्या रचनेत '८० सी' नाही. कर भरायचाच नाही, तर वाचवायचा कुठला? पंधरा-वीस वर्षांची विद्या एका दुपारी निकामी झाली. आयकर माफ झाल्यामुळे ज्याचं नुकसान झालं असा माणूस शोधायचा तर आमच्या गावात यावं लागेल.

तेरला हे देण्याघेण्याचे व्यवहार नवे नाहीत. हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट नावाच्या संशोधकाने १९०१ मध्ये दाखवून दिलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर. इथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराकडे जायची. धड रस्ता नसलेल्या, या तपशिलावरून आम्ही गाव लगेच ओळखतो. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या रोमन व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. पाहुणा आला की आम्ही त्याला तिथे नेतो, आणि पाहुणा बाहेर येऊन विचारतो, "एवढा पैसा होता तर गेला कुठं?"

त्या काळचे व्याजाचे दर कौटिल्याने लिहून ठेवलेत. साध्या कर्जाला महिन्याला शेकडा सव्वा पण, व्यापाऱ्याला पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जंगल आणि समुद्र दोन्ही ओलांडणाऱ्या तगरच्या मलमलीच्या व्यापाऱ्याला कोणता दर लागला असता, हे विचारायला आज तो नाही. बहुतेक हप्त्यांमुळेच नाही.

आणि ठेवींचं? नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. दोन हजारांना महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला १२ टक्के. हजाराला शेकडा पाऊण, म्हणजे ९ टक्के. या प्रकाराला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल कधीच परत मिळणार नाही, फक्त व्याज मिळत राहील, अशी अट दगडात कोरून ठेवलेली. मुद्दल परत न देणाऱ्या संस्था आजही आहेत. त्या दगडात कोरून ठेवत नाहीत, एवढाच फरक.

गुरुजींची विद्या पगारदारांची. शेतकऱ्यांची विद्या बप्पांकडे. बप्पांचं शेत तेरणेच्या काठाला, सोयाबीन आणि थोडा ऊस. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. केंद्राची सवलत आणि वरचं पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. बप्पांनी हे शून्य नीट पाहिलं. "बगा, बिनव्याजी तीन लाख सरकार द्यायलंय. ते मातीत घालायचे व्हय? ठेव केली तर वर्साला एकवीस हजार." ७ टक्क्यांनी तेवढे होतात, हे खरं आहे. इथेही फरक भरणारं सरकारच.

पण शून्य टक्क्याला एक शेपूट आहे. कर्ज मुदतीच्या आत फेडायचं आणि मग पुन्हा उचलायचं. याला आमच्याकडे 'नवं-जुनं' करणं म्हणतात. ठेवीची मुदत अजून संपलेली नसते, म्हणून बप्पा आठ दिवसांसाठी तीन लाख बाहेरून आणतात, शेकडा तीन रुपयांनी. देणारा आठ दिवसांचं व्याज घेत नाही, तो महिना धरतो. नऊ हजार गेले. राहिले बारा. शिवाय पीक कर्ज ठेवीत गेल्यामुळे पेरणीचं बी, खत आणि पुढे फवारणीचं औषध दुकानातून उधारीवर येतं. उधारीच्या पोत्याचा भाव आणि रोखीच्या पोत्याचा भाव यांतला फरक दुकानदार बोलून दाखवत नाही, पावतीवर दाखवतो. सोयाबीनची रास झाली की माल त्याच्याकडेच घालायचा, हे ठरलेलंच. बारा हजारांतले किती उरले हे बप्पांना आम्ही विचारत नाही. त्यांच्याकडे ठेवीची पावती आहे, ती ते देव्हाऱ्यात ठेवतात, आणि देव्हाऱ्यातल्या वस्तूचा हिशेब कोणी करत नाही.

बप्पांचा एक सिद्धांत मात्र आमच्या पंचक्रोशीत सर्वमान्य आहे. "सावकार तीन टक्के घेतो अन् बँक बारा टक्के. मंग लुटारू कोण?" सावकाराचे तीन टक्के महिन्याचे आणि बँकेचे बारा वर्षाचे, हे समजावून सांगायला आमच्याकडे बँकेचे अधिकारी आले, साक्षरता मेळावे झाले, पथनाट्य झालं. पथनाट्य सगळ्यांना आवडलं. तीनला बाराने गुणलं की छत्तीस होतात, हे लोकांना येतं. पण छत्तीस टक्के देणारा माणूस फॉर्म मागत नाही, फोटो मागत नाही आणि "उद्या या" म्हणत नाही. त्या न म्हटलेल्या "उद्या या"चे चोवीस टक्के आमचं गाव खुशीने भरतं.

सगळ्यात जास्त परताव्याची योजना कोणती, असं विचारलं तर बप्पा कर्जमाफीचं नाव घेतात. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा जाहीर झाली. दोष एवढाच की तिची तारीख आधी कळत नाही, आणि वेळेवर फेडणाऱ्याला नंतर प्रोत्साहनपर रकमेची वाट पाहत बसावं लागतं.

कर्ज काढून बचत हा प्रकार शब्दशः पाहायचा असेल तर बचत गटाच्या बैठकीला जावं. पत्र्याची पेटी मध्ये, भोवती बाराजणी, एकीच्या मांडीवर नातू आणि नातवाच्या हातात गटाचा शिक्का. महिन्याची बचत दोनशे. एका वहिनींची तीन महिन्यांची बचत थकली होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सहाशे भरा, मंग बोला." वहिनी म्हणाल्या, "हजार रुपये कर्ज द्या." ठराव झाला, सह्या झाल्या, पेटीतून हजार रुपये निघाले. त्यातले सहाशे वहिनींनी जागच्या जागी बचत म्हणून पेटीत टाकले आणि चारशे कमरेच्या पिशवीत. पैसे पेटीपासून हातभरही लांब गेले नाहीत, पण वहीत एक कर्ज वाढलं, तीन बचती वाढल्या आणि गटाचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ झालं.

हसायला येतं, पण या बाईंचा हिशेब गुरुजी आणि बप्पा या दोघांपेक्षा पक्का आहे. हजाराला शेकडा दोनने महिन्याचे वीस रुपये व्याज. ते सावकाराच्या घरी जात नाही, त्याच पेटीत पडतं, आणि पेटीत त्यांचाही बारावा वाटा आहे. वर 'उमेद' अभियानाची पंचसूत्री आहे: बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज नियमित, परतफेड नियमित, हिशेब नियमित. हे पाच 'नियमित' वहीत दिसले की गटाला बँकेकडून ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळायची वाट मोकळी होते. वहिनींनी वीस रुपये व्याजाने घेतली ती पत. बाजारात याहून स्वस्त पत आम्ही तरी पाहिली नाही.

भिशीत फरक कोण भरतो हे तर तोंडावर दिसतं. वीसजण, महिन्याला पाच-पाच हजार, एक लाखाची लिलावाची भिशी. ज्याच्या घरी दवाखाना निघाला तो पहिल्याच महिन्यात पंच्याऐंशी हजारांवर बोली लावून भिशी उचलतो. सुटलेले पंधरा हजार वीसजणांत वाटले जातात, प्रत्येकी साडेसातशे. शेवटी उचलणारा पेढे वाटतो आणि म्हणतो, भिशी म्हणजे लई फायद्याची. त्याचा फायदा म्हणजे पहिल्याचा दवाखाना. दोघे एकाच गल्लीत राहतात, म्हणून हे कोणी बोलत नाही.

स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्याकडे रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो. ही पिग्मी १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली, रोज दोन आणे जमा करून. आमचा हॉटेलवाला रोज शंभर देतो. वर्षाकाठी छत्तीसेक हजार जमले की त्या पिग्मीवरच कर्ज काढतो आणि त्या कर्जातून पिग्मीचे शंभर भरतो. ठेवीवर संस्था त्याला देते चार टक्के, कर्जावर घेते चौदा. स्वतःच्याच पैशाचं दहा टक्के भाडं भरणारा हा माणूस चहाची साखर मात्र चमच्याने मोजून टाकतो. त्याला समजावलं तर म्हणतो, "पिग्मी मोडली तर परत साठणार हाय का?" या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण मधला फरक कोण भरतंय हे जिथे दिसतच नाही, तिथे संत गोरोबाकाका कुंभारांची आठवण काढावी लागते. त्यांचं गाव आमचं. इथल्याच कथेत सगळे संत जमले असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाचं डोकं मडक्यासारखं थापटून पाहिलं. नामदेवांच्या डोक्याशी येऊन म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेवांना राग आला, पण त्यांनी पुढे विसोबा खेचरांना गुरू केलं. ज्या गावात संतांनाही थापटून पाहिलं गेलं, त्या गावाने एखाद्या पतसंस्थेवर १३-१४ टक्के व्याजाची पाटी लागल्यावर नुसतं आत जाऊन एसीचा गारवा आणि कॅशियरबाईंचा मराठमोळा नमस्कार पाहून पावती फाडावी, हे काकांना पटलं नसतं.

थापटायचं कुठे, तेही सोपं आहे. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नाही. बाकी बँका सात टक्के देत असताना ही संस्था चौदा कशी देते, हा दुसरा टोला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार २०२३ च्या अखेरीस ठप्प झाले तेव्हा मराठवाडाभर ठेवीदार शाखांच्या बंद शटरपुढे बसले होते. त्यात निवृत्तीचे पैसे होते, पोरींच्या लग्नाचे होते, जमीन विकून आलेले होते. अशा कुलपांपुढे सगळ्यात अवघड अवस्था कर्ज काढून ठेव ठेवणाऱ्याची. ठेव अडकते, कर्ज अडकत नाही. ते महिन्याच्या महिन्याला पाच तारखेला बरोबर चालत घरी येतं.

नव्या पिढीने यात मोबाइल आणलाय. माझा एक पुतण्या हिंजवडीला असतो. दिवाळीला आला आणि म्हणाला, "काका, पर्सनल लोन १३ टक्क्यांनी पाच मिनिटांत मिळतं. म्युच्युअल फंडात १५ टक्के सुटतात. दोन टक्के फुकट." मी विचारलं, "तेरा टक्के कोणी लिहून दिलेत?" म्हणाला, "बँकेने." "आणि पंधरा?" तेव्हा त्याने मोबाइलवर एक आलेख दाखवला. आलेख डावीकडून उजवीकडे चढत गेलेला होता. मी त्याला मधला एक खड्डा दाखवला: २३ मार्च २०२०, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी खाली. "ते नंतर भरून आलं ना काका," तो म्हणाला. आलंच. स्वतःच्या पैशाने एसआयपी करणारा त्या खड्ड्यात शांत बसू शकला, उलट त्याला स्वस्तात जास्त युनिटं मिळाली. कर्जावर करणाऱ्याला मात्र त्याच महिन्याचा हप्ता भरायला तीच युनिटं खड्ड्याच्या तळाशी विकावी लागली असती. बाजार पडला म्हणून हप्ता पडत नाही. पुतण्याने मान डोलावली, आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांना जामीन राहता का म्हणून विचारलं. अॅपला जामीनदार लागत नाही हे त्याला माहीत होतं. त्याला जास्तीची मर्यादा हवी होती.

एवढं सगळं उलगडून सांगितल्यावर सरळ उत्तर द्यायला हरकत नाही. कर्ज काढून बचत करावी का? मधला फरक दुसरं कोणी भरणार असेल, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक असेल आणि त्याने ते कागदावर दिलं असेल, तर करावी. सरकार असेल तर त्याचा विचार बदलण्याची तारीखही लक्षात ठेवावी. ती बहुधा १ फेब्रुवारी असते. नाव सापडत नसेल तर करू नये.

हे उत्तर मी गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांनी मान्य केलं. आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जाऊन पुन्हा दीड लाखाचा अर्ज दिला. कर वाचणार नव्हता, पीपीएफचे ७.१ एप्रिल २०२० पासून होते तिथेच होते, पतसंस्था शेअर्सपोटी कर्जातलेच काही हजार कापून घेणार होती. मी विचारलं, "आता कशाला?"

गुरुजी म्हणाले, "बचत करतो म्हटलं की घरात सगळ्यांना सुचतं. बाथरूमच्या फरशा सुचतात, गाडी सुचते, मेहुण्याचा प्लॉट सुचतो. हप्ता आहे म्हटलं की कोणी बोलत नाही. मागच्या वीस वर्षांत बचत मी कितीदा तरी चुकवली. पण हप्ता एकही चुकवला नाही. बचत चुकली तर कोणाला कळतं? हप्ता चुकला तर जामीनदार दारात येतो. मला जामीनदार असलेली बचत पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि कर्ज असलेल्या माणसाला गावात कोणी उसने मागत नाही. वर्षाला चार हजार चारशे जातात म्हणता? मला तीन मेहुणे आहेत."

या हिशेबात फरक कोण भरतो, हे मला प्रथमच नीट कळलं: तो मेहुणे भरतात, न मिळालेल्या उसन्यांच्या रूपाने.

गुरुजींचं हे शास्त्र किती पक्कं आहे याची परीक्षा त्याच आठवड्यात झाली. आम्ही स्टँडवर चहा घेत होतो. बप्पा आले, बसले, पावसावर बोलले, आणि मग म्हणाले, "गुरुजी, दहा हजार द्या की. पंधरा दिवसांत देतो."

"हप्ते चालू आहेत हो बप्पा," गुरुजी म्हणाले. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं.

"तुमची तीन लाखांची ठेव आहे ना?" मी बप्पांना म्हणालो.

"म्हनून तर मागायलोय. ठेव मोडली तर एक टक्का कापतेत."

"मोडू नका. ठेवीवर कर्ज काढा. एक-दोन टक्केच जास्त लागतं."

बप्पा माझ्याकडे बघत राहिले. "आपल्याच पैशाला आपनच व्याज द्यायचं व्हय?" कर्ज काढून केलेल्या त्या ठेवीबद्दल हे बोलताना त्यांचा स्वर इतका दुखावलेला होता की मला पुढे बोलवेना.

चहाचे पैसे दोघांनीही दिले नाहीत. एकाकडे दीड लाखाचं पीपीएफ, दुसऱ्याकडे तीन लाखांची पावती, खिशात सुट्टे कोणाकडेच नाहीत. हॉटेलवाल्याने वहीत लिहून घेतलं: व्याज नाही, फॉर्म नाही, मुदत दिवाळीपर्यंत. तेवढ्यात पिग्मीवाला सायकल लावून आत आला आणि त्याने पावतीपुस्तक उघडलं. हॉटेलवाल्याने गल्ल्यात पाहिलं, आमच्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या साहेब. आपला समदा पैसा ठेवीदारांकडं अडकलाय."